बॉनेट कुणी उघडलं

गाडीनं चढावर पहिला ठसका दिला तसं गेसिंग म्हाताऱ्यानं श्वास धरून ठेवला. दुसरा ठसका. तिसरा. मग समोरचा पिवळा दिवा पेटला, आणि सहाशे किलो गाजर पाठीवर घेतलेली ती नवीकोरी गाडी रस्त्याच्या मधोमध अशी गपकन मेली, की मागच्या ट्रकवाल्यानं हॉर्नवर हातच ठेवला.

"उतरा अमा," डेनवर म्हणाला. ज्याला अमा म्हणायचा त्या बापाकडं त्यानं बघितलं नाही. "दगड लावा."

म्हातारा उतरला. मागच्या चाकाखाली दगड लावायचं काम आता त्याचंच ठरलेलं होतं. लोक नव्या गाडीत छत्री ठेवतात, यांनी दगड ठेवला होता. फेब्रुवारीची सकाळ, खाली दरीत धुकं, वरच्या वाफ्यांत कोबीच्या पानांवर दव गोठून मीठ शिंपडल्यासारखं झालेलं. दगड उचलताना बोटं वळेनात. त्यानं तो छातीशी धरला आणि गुडघ्यावर बसून चाकाखाली सारला.

मागच्या ट्रकमधनं तोमिनोनं डोकं बाहेर काढलं. "काय रे डेनवर, नवी नवरी पुन्हा माहेरी निघाली वाटतं?"

"जा की गप पुढं."

"माझी बघ, अठरा वर्षांची म्हातारी. दात पडलेत, पण संसार करते." आणि म्हाताऱ्याकडं बघून आदरानं आवाज खाली आणला. "आपो गेसिंग, बसता का माझ्याकडं? थंडी आहे."

"नको," म्हातारा म्हणाला. "मी हिच्यापाशी थांबतो."

ट्रक गेला. डेनवर बॉनेटवर हात टेकून उभा राहिला. ते उघडायचं नाही, असं कंपनीनं बजावलं होतं. आपण हात लावला की हमी गेली. त्यामुळं धडधाकट माणसानं आजाऱ्याच्या उशाशी नुसतं बसून राहावं, तसे दोघं बापलेक उभे. अर्ध्या तासानं इंजिन थंड झालं की ती आपोआप सुरू व्हायची, जसं काही झालंच नाही. तवर ला त्रिनिदादच्या बाजारात पहिले व्यापारी माल उचलून निघून गेलेले असायचे आणि उरलेले गाजराकडं नाकानं बघायचे.

चार वेळा ती बागियो शहरात कंपनीत जाऊन आली होती. एकदा सेन्सर बदलला. एकदा पंप. एकदा म्हणाले, तुमचं डिझेलच खराब. चौथ्यांदा वायरी काढून, पुसून, परत बसवल्या. दर वेळी धुऊन, पॉलिश करून परत द्यायचे. दर वेळी ती दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या खेपेला याच चढावर मान टाकायची.

आणि दर वेळी गेसिंगला वाटायचं, हे माझ्यामुळं.

त्याचं कसं झालं, ते सांगतो. गाडी घरी आली जुलैमध्ये, रविवारी. गावच्या रीतीनं कोंबडी कापायची, रक्त चाकांना लावायचं, आणि मग कलेजी उघडून पित्ताची पिशवी बघायची. पिशवी टपोरी, भरलेली, कलेजीच्या बाहेर डोकावणारी असली की वाडवडील राजी. सुकलेली, आत दबलेली असली की नाराज. मग दुसरी कोंबडी, तिसरी, राजी होईपर्यंत. हे बघणारा जुना माणूस वारला, तेव्हापासून गावात गेसिंगच बघायचा. पहिल्या कोंबडीची पिशवी दबलेली निघाली. दुसरीची दबलेली. अंगणात चाळीस माणसं जमलेली, भात निवत चाललेला, पोरं भुकेनं रडत होती. तिसरी कापली. मॅग्दानं, म्हंजे डेनवरच्या बायकोनं, मोबाईल वर धरला होता. पडद्यावर लुसिंग, गेसिंगची थोरली पोर, हाँगकाँगमध्ये एका पुलाखाली पुठ्ठ्यावर बसलेली. आठवड्यातली एकच सुट्टी तिची. अकरा वर्षं दुसऱ्यांच्या पोरांना आंघोळ घालून, दुसऱ्यांच्या म्हाताऱ्या उचलून तिनं ही गाडी घेतली होती. तिचा बेत साधा होता. गावचा भाजीपाला आपल्याच गाडीनं बाजारात न्यायचा, आणि पुढच्या वर्षी करार संपला की कायमचं घरी.

"अमा, कसं आहे?" तिनं विचारलं. "चांगलं आहे ना?"

म्हाताऱ्यानं हातातल्या कलेजीकडं बघितलं. पिशवी वाळल्या वाटाण्याएवढी होती, आत गेलेली.

"छान आहे," तो म्हणाला. "टपोरी आहे."

चाळीस माणसांनी आरोळी ठोकली. लुसिंग पुठ्ठ्यावर बसून टाळ्या वाजवत रडली. गेसिंगनं ती कलेजी पटकन उकळत्या भांड्यात टाकली आणि हात धुतले. चांगले दोनदा धुतले.

फेब्रुवारीतल्या त्या दिवशी बाजारातनं आल्यावर मॅग्दानं टेबलावर कागद मांडले. ती दोन वर्षं कॉलेजात गेलेली बाई. घरात वाचायचं काम तिचं.

"हे बघा," ती म्हणाली. "चार पावत्या, चारही एकाच दुखण्याच्या. चढावर इंजिन बंद पडतं. त्यांनीच लिहिलंय, त्यांचाच शिक्का आहे. कायदा आहे अमा. बारा महिने किंवा वीस हजार किलोमीटरच्या आत नवी गाडी चारदा दुरुस्तीला नेली आणि तेच दुखणं राहिलं, तर त्यांना लेखी कळवायचं. मग त्यांना शेवटची एक संधी. तरी जमलं नाही, तर दुसरी गाडी द्या नाहीतर पैसे परत."

"फुकटात दुसरी गाडी?" डेनवर म्हणाला. "कंपनी तुझी आत्या लागते काय?"

"फुकटात कशी? लुसिंग मानांगनं हाडं झिजवलीत. लिंबू म्हणतात अशा गाडीला."

"लिंबू परवडलं," डेनवर म्हणाला. "पिळलं तर रस तरी निघतो."

म्हातारा हसला नाही. "आणि गाडीत दोष नसला तर?" त्यानं विचारलं. "दुसरंच काही असलं तर?"

"दुसरं काय असणार?"

म्हाताऱ्यानं पावत्या तिच्याकडं सरकवल्या.

संध्याकाळी लुसिंगचा फोन आला. तिला भांडी घासायची होती, म्हणून भराभर बोलली. "महिनाअखेरीला मला मालकिणीला सांगायचंय, पुढचा करार करणार की नाही. गाडीचं मिटलं तर मी येते. नाही मिटलं, तर हात हलवत येऊन काय करू? दोन वर्षं आणखी." मग म्हणाली, "अमाला सांग, थंडीत बाहेर जाऊ नका."

मॅग्दानं त्याच रात्री पत्र लिहिलं. कंपनीनं उत्तर दिलं: येत्या बुधवारी गाडी आणा, शेवटची तपासणी करू.

मंगळवारी डेनवर आणि मॅग्दा वरच्या वाफ्यात गाजर उपटायला गेले. घरी म्हातारा एकटा. खालच्या घरातल्या बाईकडनं त्यानं एक काळी कोंबडी घेतली.

"कुणी आजारी आहे का?" बाईनं विचारलं.

"हां. घरचंच आहे एक."

त्याच्या डोक्यात हिशेब सरळ होता. कंपनीतली माणसं हुशार असतील, पण त्यांना पाने-पकडी माहीत. वाडवडिलांची नाराजी पान्यानं कशी सुटणार? ज्यानं फसवलं त्यानंच फेडायचं. मागं रक्त नुसतं चाकांना लावलं होतं. पण चाकं कुठं आजारी होती? दुखणं पोटात आहे, तर औषध पोटात गेलं पाहिजे. डेनवरच्या बाजूची खटकी ओढली आणि सात महिन्यांत पहिल्यांदा त्या घरात बॉनेट उघडलं गेलं.

आत बघून त्याला पोटातच बघितल्यासारखं झालं. काळ्या नळ्या, वायरींचे गठ्ठे, एकमेकांत गुंतलेले, जसं डुकराचं आतडं. एका जागी बऱ्याच वायरी येऊन एका डब्यात शिरत होत्या. मुळं कुठं मिळतात ते शेतकऱ्याला कळतं. त्यानं तिथं रक्त ओतलं, वरनं भाताच्या दारूची वाटी ओतली, आणि बाप, आजा, पणजा, सगळ्यांची नावं घेऊन म्हणाला, "मी खोटं बोललो. पोरीचं तोंड बघितलं आणि बोललो. मला काय करायचं ते करा. तिची गाडी सोडा."

मग अंगणात बसून कोंबडी उघडली. पित्ताची पिशवी भरलेली होती. टपोरी, हिरवी, कलेजीच्या बाहेर मान काढून बसलेली. सात महिन्यांत त्याला पहिल्यांदा पोटभर भूक लागली. कोंबडीचा रस्सा करून त्यानं पोराला-सुनेला वाढला, आणि "आज काय विशेष?" असं मॅग्दानं विचारलं तर म्हणाला, "थंडी आहे."

शनिवारी कंपनीतनं फोन. तिघंही गेले.

सर्व्हिसचा साहेब विलेना म्हणून सपाटीवरचा माणूस होता. गोड बोलायचा, बोलताना मान तिरकी करायचा. त्यानं मोठ्या पडद्यावर फोटो लावले. वायरींचा तो डबा उघडलेला, आत तांबडं-काळं काहीतरी साकळून बसलेलं, पितळी टोकांवर हिरवट चढलेलं.

"आपो, हे बाहेरनं ओतलेलं आहे," तो म्हणाला. "गाडीत असलं काही नसतं. कुणीतरी बॉनेट उघडून छेडछाड केली आहे. अशा वेळी हमी लागू होत नाही. कायदाही लागू होत नाही. दुरुस्ती करायची तर खर्च तुमचा."

गेसिंगला पडद्यावर आपला हात दिसायला लागला.

"छेडछाड?" डेनवर उठला. "सात महिने रस्त्यावर उभा राहिलो, लोकांची थट्टा ऐकली, पण झाकणाला बोट लावलं नाही! उंदीर मेला असेल आत."

"उंदराला दारूचा वास येत नाही," विलेना म्हणाला.

"मग तुमच्याच पोरांनी ओतलं," मॅग्दा म्हणाली. "पत्र मिळालं, गाडी बदलायची वेळ आली, आणि बरोबर आत्ताच हे निघालं?"

"बाई, जपून बोला."

"माझ्या बापाची शपथ," डेनवर म्हणाला, आणि म्हाताऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला, "आमच्या घरात कुणी बॉनेट उघडलेलं नाही. विचारा यांना. गावातला सगळ्यात खरा माणूस आहे हा."

सगळ्यांनी म्हाताऱ्याकडं बघितलं. त्यानं मान हलवली. ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. डेनवरला ती पुरली.

मॅग्दानं व्यापार खात्यात तक्रार घातली. सुनावणीची तारीख आठ दिवसांनी. ते आठ दिवस गाडी कंपनीत आणि गाजर पाठीवर. वाफ्यातनं रस्त्यापर्यंत, रस्त्यावरनं कुणाच्या ट्रकमध्ये जागा मिळाली तर. डेनवरच्या खांद्याचं कातडं सोललं. रात्री मॅग्दा त्याला तेल लावायची आणि तो पालथा पडून कंपनीला शिव्या द्यायचा. "रक्त ओततात! माणसं आहेत का कोण!" पडद्याच्या अलीकडं गेसिंग जागा असायचा. त्यातली एकेक शिवी पत्ता चुकल्यासारखी कंपनीकडं जायच्या ऐवजी त्याच्या अंथरुणात यायची. दोनदा तो उठला. एकदा पडद्यापर्यंत गेला. डेनवर घोरत होता. झोपलेल्या माणसाला काय उठवायचं, असं म्हणून परत आला.

बागियोच्या ऑफिसात गोल टेबल होतं. मध्यस्थी करायला आग्पास बाई, डोंगराकडच्याच, पन्नाशीच्या, चष्मा दोरीला बांधलेला. एका बाजूला विलेना आणि कंपनीचा वकील, एका बाजूला हे तिघं. मॅग्दानं चार पावत्या ओळीनं मांडल्या. विलेनानं फोटो मांडले.

बाईंनी दोन्ही बघितलं. "वाद एवढाच दिसतो," त्या म्हणाल्या. "हे कुणी ओतलं. डेनवर, तुम्ही म्हणता घरातल्या कुणीही नाही?"

"कुणीही नाही."

"तसं शपथेवर लिहून द्या. खोटं निघालं तर गुन्हा होतो, हे समजून सही करा."

कागद आला. डेनवरनं पेन घेतलं, वाचलंही नाही. पेन कागदाला टेकलं, आणि त्याच्या मनगटावर हात पडला. मातीनं भेगाळलेला, थंड.

"नको," गेसिंग म्हणाला. "मी ओतलं."

डेनवरनं हळूच पेन खाली ठेवलं.

"काय म्हणालात आपो?" बाईंनी चष्मा चढवला.

"कोंबडीचं रक्त. आणि दारू. मी बॉनेट उघडलं. याला माहीत नाही. सुनेला माहीत नाही." त्याला धाप लागली, जशी चढावर ओझं नेताना लागते. "गाडी आजारी होती. मला वाटलं, माझ्यामुळं आहे."

वकिलानं विलेनाकडं बघितलं. विलेनानं मान तिरकी केली. "मग प्रश्नच मिटला," तो म्हणाला. "वाईट वाटतं, पण..."

"थांबा," बाई म्हणाल्या. "आपो, कधी ओतलं?"

"मंगळवारी. बुधवारी गाडी इकडं यायची होती, त्याच्या आदल्या दिवशी."

"त्याआधी कधी?"

"कधीच नाही. त्याआधी नुसतं चाकांना."

"मंगळवारी घरी कोंबडीचा रस्सा होता, कोंबडी खालच्या घरातल्या बाईकडची," मॅग्दा एकदम म्हणाली. तिची बोटं पावत्यांवर धावत होती. "तिला विचारा. आणि हे बघा, चौथी पावती, त्याच्या आधीच्या महिन्यातली. यांच्याच माणसानं लिहिलंय: सर्व जोड तपासले, स्वच्छ आहेत. स्वच्छ! म्हंजे चार वेळा गाडी मेली तेव्हा आत रक्त नव्हतं."

बाईंनी पावती वाचली आणि विलेनापुढं सरकवली. "ही सही तुमच्याकडची?"

"हो, पण शेवटची तपासणी..."

"शेवटची तपासणी यांनी बिघडवली, खरं आहे. पण आधीच्या चार तुम्ही बिघडवल्या."

दोन तास घासाघीस चालली. शेवटी ठरलं ते असं: रक्तानं खराब झालेला जोड यांच्या खर्चानं बदलायचा. मग कंपनीनं शेवटची तपासणी पुन्हा करायची, तीस दिवसांत, आणि त्या चढावर स्वतःच्या माणसानं गाडी चालवून बघायची. पुन्हा मेली तर गाडी बदलून द्यायची, रक्ताचं निमित्त सांगायचं नाही. तवर जाण्यायेण्याचं भाडं कंपनीचं. ते मॅग्दानं मागितलं, कायद्यात आहे म्हणून. विलेनाला ते माहीत होतं, सांगितलं नव्हतं एवढंच.

"आपो," निघताना आग्पास बाई म्हणाल्या, "तुम्ही बोलला नसता आणि पुढं निघालं असतं, तर पोरगा अडकला असता."

म्हातारा हो म्हणाला. त्याचं लक्ष भिंतीवरच्या कॅलेंडरकडं होतं. महिना संपायला तीन दिवस. तीस दिवस त्यात कुठं बसणार?

तिघं बाहेर जिन्यात आली. डेनवर चार पायऱ्या पुढं होता. मॅग्दानं फोन लावून म्हाताऱ्याच्या हातात दिला. "तुम्हीच सांगा," म्हणाली, आणि डेनवरच्या मागं गेली.

"अमा?" लुसिंगचा आवाज आला. मागं नळ चालू होता. "काय झालं?"

त्यानं सांगितलं. आधी बॉनेटचं. मग तीस दिवसांचं. मग जुलैतल्या रविवारचं, पित्ताच्या पिशवीचं, जे त्यानं ऑफिसातही सांगितलं नव्हतं. नळ मध्येच बंद झाला.

"तीन कोंबड्या?" ती म्हणाली.

"तीन. चौथी कापायला पाहिजे होती. तू बघत होतीस."

"म्हंजे मी विचारलं नसतं तर तुम्ही खोटं बोलला नसता."

"असं नको बोलू गं. शिव्या दे. तुझ्या आईनं दिल्या असत्या."

"माझ्याच्यानं नाही होत, अमा. मालकीण झोपलीय."

पलीकडं कुणीतरी परक्या भाषेत हाक मारली. तिनं त्याच भाषेत उत्तर दिलं, गोड, पटकन. मग फोनवर परत आली.

"सही करते मी," ती म्हणाली. "गाडी मिळाली तर मिळाली. सही तर करायलाच लागणार. दोन वर्षं. तेवढं जगा म्हंजे झालं."

"जगतो," तो म्हणाला.

फोन बंद झाल्यावरही त्यानं तो थोडा वेळ कानाला धरून ठेवला.

खाली रस्त्यावर डेनवर जीपच्या थांब्याशी उभा होता. खांद्यावरचा शर्ट जखमेला चिकटला होता. म्हातारा त्याच्याजवळ जाऊन उभा राहिला, पण थोडा लांबच.

"काय म्हणाली?" डेनवरनं विचारलं. रस्त्याकडंच बघत.

"सही करते म्हणाली." मग तिला सांगितलं तेच, पित्ताच्या पिशवीचं, म्हाताऱ्यानं त्यालाही सांगितलं.

जीप आली. लोक चढले. डेनवर चढला नाही.

"तीन कोंबड्या कापल्या तेव्हा मला एकट्याला बाजूला घेऊन सांगायचं," तो म्हणाला. "चौथी मी आणली असती. पळत जाऊन आणली असती."

"हो."

"आणि आठ दिवस मी त्यांना शिव्या देत होतो."

"ऐकत होतो."

दुसरी जीप आली. आत भाजीचा वास, माणसांचा वास, पायाशी कुणाचा तरी बटाटा लोळत होता. तिघं दाटीवाटीनं बसले. वळणावळणांवर डेनवरचा सोललेला खांदा बापाला लागत होता, तरी त्यानं तो बाजूला घेतला नाही. तो चढ आला. जुनी खटारा जीप कण्हत कण्हत वर चढून गेली आणि कुणालाही त्यात काही विशेष वाटलं नाही.

"उद्या खालच्या वाफ्यातली गाजरं काढायचीत," वर आल्यावर डेनवर म्हणाला. "सोळा पोती आहेत. रस्त्यापर्यंत पाठीवरनं न्यायला लागतील."

"माझ्याकडं चार दे," गेसिंग म्हणाला.

अडुसष्ट वर्षांचा बाप. बरगड्या मोजता येतील असा. मॅग्दानं नवऱ्याकडं बघितलं, आता नको म्हणेल म्हणून.

डेनवर खिडकीबाहेर बघत राहिला.

"पाच न्या," तो म्हणाला.